सगळे प्रश्न सुटले, आता बुधवारी काय करायचं?

प्रश्न असा आहे: समजा उद्यापासून गरिबी, रोगराई, बेकारी, विषमता, हिंसा यातलं काहीच उरलं नाही, तर माणसं सुखी होतील का? विचारणारी व्यक्ती आठ वर्षं सामाजिक कामात आहे आणि तिने खाली एक पुरवणी जोडली आहे: होणार नसतील, तर आम्ही हे सगळं कशासाठी करतोय?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या. दुःखी माणसं पुष्कळ कमी होतील, पण सुखी माणसं त्या हिशोबाने वाढणार नाहीत. आता सविस्तर. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सव्वीस वर्षं हेच काम करते आहे. माणसं दुःखी असतात म्हणून माझं घर चालतं, तेव्हा माझ्या साक्षीत थोडी सूट धरा.

तुमचा प्रश्न मी रोज कुणाला ना कुणाला विचारते, फक्त एका वेळी एकाच माणसाला. आमच्याकडे त्याला चमत्काराचा प्रश्न म्हणतात. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या अमेरिकेतल्या जोडप्याने १९८० च्या दशकात तो रुळवला. समोरच्याला सांगायचं: समजा, आज रात्री तुम्ही झोपलात आणि झोपेत असतानाच चमत्कार झाला. ज्या त्रासासाठी इथे आलात तो संपला. पण तुम्ही तर झोपेत होता, तेव्हा तुम्हाला याचा पत्ता नाही. सकाळी उठल्यावर कशावरून कळेल?

पहिलं उत्तर जवळजवळ नेहमी 'नसेल'चं येतं. टेन्शन नसेल. छातीत धडधड नसेल. डोक्यावर कर्ज नसेल. घरात आरडाओरडा नसेल. मी ते लिहून घेते आणि विचारते, "बरं, हे नसेल. त्याऐवजी काय असेल?"

इथे माणसं थबकतात. खिडकीकडे बघतात, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतात. एक गृहस्थ तर चिडलेच होते. म्हणाले, "त्याऐवजी काय म्हणजे? त्रास गेला की झालं ना!"

तेवढ्याने झालं असतं, तर त्रास गेल्यावर माझ्याकडे कुणी आलंच नसतं. पण येतात. कर्ज फिटल्यावर येतात, घटस्फोट हवा होता तो मिळाल्यावर येतात, मूल हवं होतं ते झाल्यावर येतात. त्यातल्या एकांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

साठीला टेकलेले गृहस्थ. घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी चौदा वर्षं कोर्टात होते. निकाल यांच्या बाजूने लागला, घर ताब्यात आलं, आणि तीन महिन्यांनी झोप लागत नाही म्हणून माझ्यासमोर येऊन बसले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत केसची फाइल. इतक्या वर्षांत बांधून सोडून फाइलीचा एक बंद तुटला होता, त्या जागी बुटाची नाडी ओवलेली. मी विचारलं, केस संपली ना? संपली. मग ही? म्हणाले, "राहते बरोबर." जरा वेळाने आपणहून बोलायला लागले. तारीख बहुतेक बुधवारी पडायची. तारीख नसली तरी बुधवारी वकिलाकडे एक चक्कर असायचीच. मंगळवारी रात्री कागद लावायचे, गुरुवारी काल काय काय झालं ते बायकोला आणि दोन मित्रांना ऐकवायचं. "आता बुधवारी काय करायचं, मॅडम?"

चौथ्या भेटीपर्यंत त्यांनी स्वतःच त्यावर तोड काढली होती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या बाथरूममधून यांच्या भिंतीत ओल येत होती. यांनी त्या भिंतीचे रोज फोटो काढायला सुरुवात केली होती, आणि पिशवीत नवी फाइल होती. कोरी करकरीत, बंद शाबूत.

हसू येतं खरं, पण हीच गोष्ट अख्ख्या समाजाला लावून पाहणारा एक माणूस १८२६ साली होऊन गेला. तुमचा प्रश्न जवळपास याच शब्दांत त्याने स्वतःला विचारला होता. पुढे मोठा तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल तेव्हा वीस वर्षांचा होता. वडिलांनी तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवून, खेळगडी फारसे मिळू न देता, त्याला समाजसुधारणेसाठीच घडवला होता. कायदे बदलायचे, माणसांच्या समजुती बदलायच्या आणि जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख साधायचं, हेच त्याचं आयुष्य. त्या साली हिवाळ्याच्या तोंडावर मन उदास असताना त्याने स्वतःला विचारलं: ज्या सुधारणांची मी वाट पाहतोय त्या सगळ्या या क्षणी पुऱ्या झाल्या, तर मला मोठा आनंद होईल का? आतून स्वच्छ उत्तर आलं, नाही. ज्यावर सगळं आयुष्य उभं होतं तो पायाच ढासळला, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. बरेच महिने तो यंत्रासारखा नुसती कामं उरकत राहिला.

त्याची शंका त्याच्यापुरतीच नव्हती. त्याला वाटलं, उद्या सुधारक जिंकले, सगळे मोकळे झाले, सगळ्यांच्या गरजा भागल्या, तर धडपड आणि टंचाई यांच्या जिवावर गोड लागणारी सुखं गोड राहतील का? तो त्यातून बाहेर आला तोही सुधारणांच्या वाटेने नाही. एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना त्यात वडील वारल्याचा प्रसंग आला. तेव्हा लहान असलेला तो लेखक घरच्यांना म्हणतो, आता तुमचं सगळं मी होईन. हे वाचून मिलला रडू आलं, आणि आपण अगदीच दगड झालेलो नाही हे कळल्यावर ओझं हलकं झालं. पुढे कवितांनी मदत केली. आणि गंमत म्हणजे सुधारणांचं काम त्याने सोडलं नाही. उलट त्याचं मोठं काम सगळं त्यानंतरचं आहे. फक्त सुखाकडे थेट डोळे लावून बसायचं नाही, दुसऱ्या कशात तरी जीव लावायचा, सुख जाता जाता मिळतं, असं त्याने मनाशी ठरवलं.

आमच्या धंद्यात एक ओबडधोबड कसोटी आहे. ऑग्डेन लिंडस्ले या वर्तनशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ती मांडली. मी तिला मढ्याची कसोटी म्हणते. जे मढ्याला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं, ते उद्दिष्ट म्हणून धरायचं नाही. 'मला राग यायला नको', 'मला भीती वाटायला नको', 'मला कुणाची आठवण यायला नको'. यात मढ्याचा हात कुणी धरू शकत नाही. आता तुमची यादी घ्या. गुन्हे नकोत, भूक नको, भांडणं नकोत, आजार नकोत, उच्चनीच नको. या सगळ्या अटी स्मशान आजही पुऱ्या करतं. याचा अर्थ यादी चुकीची आहे असा नाही. ती अर्धी आहे. ताप उतरवणं आणि भूक लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप उतरल्याशिवाय भूक लागत नाही हे खरं, पण उतरला म्हणून लागेलच असंही नाही.

इथवर वाचून काही जणांना बरं वाटलं असेल, त्यांच्यासाठी आता उलट बाजू. 'सुख मानण्यावर असतं, गरिबी हटवून कुणी सुखी झालंय का' हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं, त्यांचं पोट बहुधा भरलेलं असतं. आकडे त्यांच्या बाजूने नाहीत.

हॅडली कँट्रिल नावाच्या संशोधकाची शिडी जगभर वापरतात. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या, वर तुम्हाला शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट; तुम्ही कुठे उभे आहात? जागतिक आनंद अहवाल २०१२ पासून याच शिडीवर क्रम लावतो. २०१८ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर फिनलंडचा, गुण साडेसातच्या वर. तळाला अफगाणिस्तान, अलीकडच्या वर्षांत दोनच्याही खाली. पोटापाण्याची सोय, दवाखाना, सरकारवर आणि शेजाऱ्यावर विश्वास, या गोष्टींनी माणूस शिडीवर चढतो. सहा पायऱ्यांचा फरक नुसत्या मानण्याने पडत नाही.

पण शिडी काय विचारते तेही बघा. ती आयुष्याचा हिशोब विचारते, काल दिवस कसा गेला ते विचारत नाही. काल हसलात का, काल आराम मिळाला का, असं विचारणाऱ्या पाहण्यांत पॅराग्वे, पनामा, ग्वाटेमाला असे लॅटिन अमेरिकी देश वरच्या जागा पटकावतात, आणि त्यांच्या समस्यांची यादी फिनलंडपेक्षा कितीतरी लांब आहे. म्हणजे 'सुखी' या एका शब्दात आपण निदान दोन गोष्टी कोंबतो: आयुष्य ठीक चाललंय असं वाटणं, आणि आजचा दिवस हसत जाणं. समस्या सुटल्या की पहिलीचं पारडं नक्की जड होतं. दुसरीचं दुकान वेगळं आहे.

लॉटरीचा अभ्यास तर तुम्ही ऐकलाच असेल, कारण प्रेरणादायी भाषणांत तो चोथा होईपर्यंत वापरलाय. 'लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले, वर्षभराने दोघंही सारखेच सुखी' असं सांगतात. मूळ अभ्यास फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा, १९७८ चा. लॉटरी लागलेले २२ जण, न लागलेले २२, आणि अपघातात अवयव लुळे पडलेले २९. लॉटरीवाले इतरांपेक्षा फार सुखी नव्हते हे खरं. मित्राशी गप्पा, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, अशा साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती हेही खरं. पण अपघातातली माणसं 'तितकीच सुखी' अजिबात नव्हती. शून्य ते पाचच्या मापावर त्यांचा आकडा तीनच्या जरा खाली, इतरांचा पावणेचारच्या वर. अंदाज होता तितके खचले नव्हते, एवढंच. हा दुसरा अर्धा भाग भाषणात गाळला जातो, कारण तो सांगितला की 'परिस्थितीने काही फरक पडत नाही' हे पालुपद बेसूर होतं.

सवय हा इथला खरा कारभारी आहे आणि तो पक्षपाती आहे. सुखाची सवय माणसाला लवकर लागते. पगारवाढ, नवं घर, नवी गाडी, काही महिन्यांत सगळं भिंतीच्या रंगासारखं होतं, असतं पण दिसत नाही. काही दुःखांची सवय मात्र होत नाही किंवा अर्धवट होते: सततची शारीरिक वेदना, एकटेपणा, रोजचा अपमान, बेकारी. जर्मनीत २४,००० हून अधिक लोकांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी गेलेल्या माणसांचं समाधान पुन्हा नोकरी लागल्यावरही सरासरीने पूर्वीच्या पातळीवर पूर्ण आलं नाही. नोकरी परत आली, ओरखडा राहिला. तेव्हा 'आधी कुठली समस्या' असं कुणी मला विचारलं, तर मी म्हणेन, जिची सवय होत नाही ती आधी. हे माझं मत आहे, धोरण आखणाऱ्यांना ते भाबडं वाटेल.

आता 'सगळ्या' या शब्दाकडे येते. समस्या सोडवण्याला माझी हरकत नाही, 'सगळ्या' सुटतील या कल्पनेला आहे. पैसा कमी पडेल किंवा माणसं नालायक आहेत म्हणून नाही. आपली नजरच तशी बनलेली आहे म्हणून.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा एक प्रयोग आहे. पडद्यावर एकामागून एक ठिपके येतात, गडद जांभळ्यापासून गडद निळ्यापर्यंत कुठल्याही छटेचे. निळा दिसला तर सांगायचं, एवढंच काम. काही वेळाने निळे ठिपके हळूहळू कमी केले. लोकांनी काय केलं? मघाशी ज्यांना बिनदिक्कत जांभळे म्हटलं होतं, त्यांनाच निळे म्हणायला लागले. आधी बजावून सांगितलं की निळे कमी होणार आहेत, तरी तेच. न बदलल्यास पैसे देऊ म्हटलं, तरी तेच. मग ठिपक्यांच्या जागी चेहरे दाखवले: धमकावणारे चेहरे कमी झाले तसे लोकांना साधे चेहरे धमकावणारे दिसू लागले. पुढे संशोधनाचे प्रस्ताव दाखवून कुठले अनैतिक वाटतात ते विचारलं, तिथेही तसंच घडलं.

माझे फाइलवाले गृहस्थ आठवा. चौदा वर्षं भाऊ हा निळा ठिपका होता. तो गेल्यावर भिंतीतली ओल निळी दिसायला लागली.

समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९५ मध्ये प्रयोगाशिवायच हे सांगून ठेवलं होतं. त्याने म्हटलं, संतांचा एक आदर्श मठ कल्पा. तिथे चोरी नाही, खून नाही. पण आपल्याकडे ज्या चुका कुणाच्या लक्षातही येत नाहीत, त्या तिथे मोठा गुन्हा ठरतील आणि त्यावरून तितकाच गहजब होईल.

मला यात माणसाची खोड दिसते तशी थोरवीही दिसते. ठिपक्यांचा प्रयोग सांगितला की लोक लगेच म्हणतात, बघा, आजकालची पिढी उगाच बाऊ करते. थांबा जरा. मुलाला झोडपून काढणं ही एके काळी समस्या नव्हती, शिस्त होती. नवऱ्याने बायकोवर हात उचलणं हा 'घरातला मामला' होता. मोठे अत्याचार घटले तेव्हाच या गोष्टींकडे बघायला सवड झाली. समस्येची व्याख्या रुंदावत जाते म्हणूनच समाज पुढे सरकतो, आणि त्याच कारणाने यादी कधी संपत नाही. एक हवं आणि दुसरं नको, असं इथे म्हणता येत नाही.

नाहीशी झालेली समस्या आनंद का देत नाही, याचं यापेक्षा साधं उदाहरण देते. विसाव्या शतकात देवीच्या रोगाने सुमारे ३० कोटी माणसं मेली असा अंदाज आहे. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. माणसाने सोडवलेल्या समस्यांत याहून निर्भेळ यश दुसरं नसेल. आज सकाळी उठल्यावर 'देवी नाहीत' म्हणून तुम्हाला आनंद झाला का? मलाही नाही. ज्यांची मुलं त्यामुळे वाचली त्यांनाही नसेल झाला, कारण मूल वाचलं हे त्यांना कळलंच नाही. ते नुसतं वाढलं, शाळेत गेलं, उलट उत्तरं द्यायला लागलं. टळलेल्या दुःखाची पावती मिळत नाही. तुमच्या क्षेत्रात लोक थकतात ते बरेचदा यामुळेच, असं मला वाटतं.

आणखी एका गावाबद्दल सांगायला हवं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल म्हणून वस्ती होती, सगळी एका कापडगिरणीवर जगणारी. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला आणि १९३३ मध्ये निष्कर्ष छापले. आता विचार करा, लोकांकडे पैसा नव्हता पण वेळ भरपूर होता. वाचनालयाची वर्गणी रद्द केली होती. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावर लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत चालायचे, चार पावलांवर थांबायचे. बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालायच्या, कारण त्यांची गिरणी बंद पडली होती पण घरकाम बंद पडलं नव्हतं. रोजगाराबरोबर पैशाखेरीज आणखी काय काय जातं, हे याहोदाने पुढे नीट मांडलं: दिवसाला मिळणारा आकार, घराबाहेरची माणसं, आपण कशात तरी सामील आहोत ही जाणीव, ओळख, आणि हातांना काम.

तुमच्या कल्पनेतल्या जगात पैसा सगळ्यांकडे असेल, म्हणजे मारिएनथालचा अर्धा त्रास मिटेल. उरलेल्या अर्ध्याचं काय? अर्थतज्ज्ञ केन्सने १९३० मध्ये भाकीत केलं होतं की शंभर वर्षांत माणसाचा पोटाचा प्रश्न सुटेल आणि आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. पुढे लगेच त्याने धास्तीही बोलून दाखवली होती: पिढ्यान्‌पिढ्या झगडायला शिकलेला माणूस मोकळ्या वेळाचं करणार काय? पंधरा तासांचं भाकीत अजून तरी खरं ठरलेलं नाही, त्यामुळे धास्तीची परीक्षाच झाली नाही.

(कुणीतरी उंदरांचा व्हिडिओ दाखवेलच, म्हणून सांगून ठेवते. जॉन कॅल्हून या अमेरिकी संशोधकाने १९६८ मध्ये उंदरांच्या चार जोड्या भरपूर अन्नपाणी देऊन एका बंदिस्त 'स्वर्गात' ठेवल्या. संख्या २,२०० वर गेली, मग वीण थांबली आणि सगळे संपले. 'सुखसोयींनी समाज मरतो' असा त्याचा अर्थ लावतात. त्या उंदरांना पळून जायला जागा नव्हती आणि करायला काही नव्हतं. अशा जागेला मी स्वर्ग म्हणणार नाही, तुरुंग म्हणेन.)

आता जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते. समस्यामुक्त समाजात दुःख उरेलच. माणसं मरतील. ज्याच्यावर जीव जडला त्याचा आपल्यावर जडणार नाही. म्हातारपण येईल. धाकटी बहीण जास्त हुशार निघेल. या समस्या नाहीत, यांना उपाय नाही, त्या सोसायच्या असतात. पण आज माणसाला त्या सोसताना एक आडोसा असतो, 'दिवसच वाईट आहेत' असं म्हणायला जागा असते. सगळं सुटलेल्या जगात तो आडोसा जाईल.

हे मी अंदाजाने बोलत नाही, कारण अशा जगाचे छोटे तुकडे माझ्यासमोर येऊन बसतात. बावीस वर्षांची एक मुलगी आली होती. खाऊनपिऊन सुखी घर, समजूतदार आईवडील, हवं ते शिक्षण. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "सॉरी, तुमचा वेळ घेतेय. खरं तर मला काहीच प्रॉब्लेम नाही." मग फोन उघडून तिने मला एक यादी दाखवली. आपण उदास का असता कामा नये याची एकोणीस कारणं. आई मैत्रिणीसारखी आहे. पैशाची चिंता नाही. कुणी कधी मारलं नाही. मी सगळी वाचली. एकोणीसच्या एकोणीस खरी होती, आणि त्यातल्या प्रत्येकाने तिच्या उदासीत भरच घातली होती. 'सगळं तर आहे, मग तुला काय धाड भरलीय?' हे तिला घरात कुणी म्हटलं नव्हतं. ती स्वतःच स्वतःला म्हणायची, दिवसातून किती वेळा कुणास ठाऊक.

समाजाचे सगळे प्रश्न सुटले तर हे वाक्य प्रत्येकाच्या डोक्यात वाजेल. दुःखी असणं ही तेव्हा आपत्ती राहणार नाही, तो अपराध होईल. समस्या सोडवायच्या नाहीत असा याचा अर्थ नाही. पण सोडवताना 'आता तुम्ही सुखी व्हाल' हे आश्वासन देऊ नका, एवढंच मी म्हणेन. कारण न झालेल्या माणसाला दुहेरी मार बसतो.

मग तुमची पुरवणी: कशासाठी करायचं? उपाशी माणसाला जेवू घालताना, जेवल्यावर हा आनंदी होईल का, असं आपण विचारत नाही. तो उपाशी आहे एवढं कारण पुरतं. त्यानंतर त्याने हसावं, रडावं, प्रेमभंग करून घ्यावा, कविता लिहावी किंवा शेजाऱ्याशी ओलीवरून भांडावं, हा त्याचा प्रांत. तिथे तुमचं काम संपतं आणि ते तिथे संपणंच बरं. मला तर ज्या समाजात सगळ्यांच्या सुखाची जबाबदारी कुणीतरी घेतली आहे, त्या समाजाची भीती वाटेल.

एक गोष्ट मात्र करून बघा. काम हाती घेताना 'काय नको' याची यादी होतेच. तिच्या शेजारी दुसरी यादी ठेवा, 'त्याऐवजी काय', आणि ती स्वतः भरू नका. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना भरायला सांगा. घाई केलीत तर पहिलं उत्तर मिळेल, दुसरं नाही. दुसऱ्यासाठी गप्प बसावं लागतं.

वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी सेवा करणाऱ्यांचा एक गट मी चालवते. महिन्यातून एकदा नऊ-दहा जण जमतात, बहुतेक बायका. एकदा मी त्यांना चमत्काराचा प्रश्न घातला: उद्या सकाळी तुमचा पेशंट ठणठणीत बरा झाला, तर त्या दिवशी काय कराल? पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच आलं. झोपेन. एकीने तर किती तास तेही सांगितलं. मी म्हटलं, बरं, झोप झाली. मग?

बराच वेळ कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग कोपऱ्यातल्या एक बाई, ज्या एरवी तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, "मी भांडेन." सगळ्या वळून बघायला लागल्या. "बारा वर्षं झाली, नवऱ्याशी एकदाही नीट भांडले नाही. आजारी माणसाशी काय भांडायचं? किती साठलंय. सकाळपासून सुरू करीन ते संध्याकाळपर्यंत." क्षणभर शांतता, आणि मग शेजारची जी हसायला लागली ती थांबेचना. ती हसता हसताच म्हणाली, "माझ्या सासूबाई बऱ्या झाल्या ना, तर मीसुद्धा."